ॲव्हलॉन गावचा जॉन हर्ट

आपल्या संतकवींनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपले नाव गुंफून ठेवले, म्हणून कोणता अभंग कोणाचा हे आज आपल्याला सांगता येते. नाव मिळते, घराचा पत्ता मात्र कोणी अभंगात घालून ठेवलेला नाही. आज ज्या माणसाची हकीकत मी आपल्यापुढे ठेवणार आहे, त्याने एका गाण्यात सहज आपल्या गावाचे नाव घातले, आणि चौतीस वर्षांनंतर त्या एका शब्दाच्या आधाराने परकी माणसे त्याच्या दारात येऊन उभी राहिली. माणूस अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला एक काळा शेतमजूर. नाव जॉन हर्ट, गाव ॲव्हलॉन.

ही हकीकत बहुधा शोधाची कथा म्हणून सांगितली जाते. एक विसरलेला कलावंत होता, तो हरवला होता, रसिकांनी तो शोधून काढला, असा तिचा थाट असतो. कथा ऐकायला गोड आहे आणि तीत खोटे असे फारसे नाही. परंतु ‘हरवला होता’ म्हणजे कोणाला हरवला होता, हा प्रश्न विचारला की तिचा रंग बदलतो. ॲव्हलॉनच्या माणसांना तो हरवलेला नव्हता. रस्त्यावरच्या दुकानात विचारले असते तर कोणीही त्याचे घर दाखवले असते, आणि शेवटी झालेही तसेच. तेव्हा आज आपण ही कथा दुकानाच्या बाजूने पाहू.

आधी मुलूख कसा आहे ते पाहिले पाहिजे. मिसिसिपी राज्याच्या वायव्येस, मिसिसिपी आणि याझू ह्या दोन नद्यांच्या मधे, गाळाची सपाट जमीन पसरलेली आहे. तिकडे तिला ‘डेल्टा’ म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात नदीच्या मुखाशी असतो तो डेल्टा हा नव्हे. ही जमीन कापसाची. ह्या कापसाशी आपलाही एक जुना, काहीसा विचित्र संबंध आहे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर शेअरांचा सट्टा माजला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो कोसळला, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या माणसांच्या गुलामीवरून ते युद्ध झाले, त्यांचे पुढे काय झाले हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी विचारले नाही. हर्ट त्यांच्याच पुढच्या पिढीतला.

डेल्टाच्या पूर्वेच्या कडेला जमीन एकदम उंचावते आणि टेकड्या सुरू होतात. कॅरोल काउंटी ह्या कडेवर वसलेली आहे. तिचा थोडा भाग सपाटीवर आणि बाकीचा टेकड्यांत. तेथील टिओक ह्या वस्तीत १८९२ किंवा १८९३ साली जॉन हर्ट जन्मला. वडिलांचे नाव आयझम, आईचे मेरी जेन. तो लहान असतानाच कुटुंब जवळच्या ॲव्हलॉनला राहायला गेले. ग्रीनवुड आणि ग्रेनेडा ह्या दोन गावांच्या दरम्यान असलेले हे खेडे म्हणजे एक दुकान, थोडी घरे आणि भोवताली शेते.

हर्ट जन्मला तेव्हाच्या कॅरोल काउंटीत कायद्याने कोणी गुलाम नव्हते. पण कायद्यापलीकडे दुसरी एक व्यवस्था उभी राहिली होती. जमीन मालकाची, बी-बियाणे आणि खेचर मालकाचे, वर्षभराचा किराणा मालकाच्याच दुकानातून उधारीवर. राबायचे कुळाने, आणि हंगाम संपल्यावर हिशेबाची वही मालकाच्या हातात. आपल्याकडे अर्धलीने जमीन करणाऱ्या आणि सावकाराच्या वहीत अडकलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. आणि वहीपुढे ज्याने मान वाकवली नाही त्याचे काय होई, हेही काउंटीला ठाऊक होते. १८८६ च्या मार्च महिन्यात कॅरोलटन गावी भर कचेरीत सशस्त्र गोऱ्या जमावाने गोळीबार करून वीसाहून अधिक काळ्या माणसांना ठार केले. एकालाही शिक्षा झाली नाही. १८९० साली राज्याची नवी घटना झाली. तीत मतदानासाठी कर आणि लिहिता-वाचता येण्याची अट घालण्यात आली, आणि काळ्या लोकांचा मताधिकार प्रत्यक्षात संपला. हे सारे हर्टच्या जन्मापूर्वीच घडून गेले होते. हर्टच्या आवाजातला सौम्यपणा ऐकून पुढे पुष्कळांना वाटले की हा माणूस स्वभावानेच निश्चिंत असावा. त्यांनी हा इतिहास डोळ्यांआड केला होता.

शाळा चार-पाच इयत्तांपलीकडे झाली नाही. गिटारची गोष्ट मात्र शाळेतूनच सुरू होते. त्याच्या शिक्षिकेकडे येणारा एक तरुण कधीकधी हर्टच्या घरी मुक्काम करी आणि गिटार वाजवी. त्या वाद्याला हात लावायची पोराला मनाई होती. तेव्हा रात्री तो तरुण झोपी गेला की पोरगा हळूच ते वाद्य उचली आणि आवाज न होईल अशा बेताने बोटे फिरवून पाही. पुढे आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार विकत घेऊन दिली. त्या वेळी त्याचे वय नऊ वर्षांचे होते. ही हकीकत त्याने स्वतःच म्हातारपणी सांगितली. मला तीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोणी उठू नये अशा बेताने वाजवायला शिकलेला माणूस जन्मभर तसाच वाजवीत राहिला.

त्याच्या वाजवण्याची रीत थोडक्यात सांगतो. अंगठा जाड तारांवर एकाआड एक आघात करीत राहतो. चालणाऱ्या माणसाची पावले पडावीत तसा हा ठेका कधी अडखळत नाही. त्याच वेळी पुढची दोन बोटे बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात, आणि ती चाल ठेक्याच्या अध्येमध्ये, किंचित आधी किंवा किंचित नंतर येते. डग्ग्यावर डावा हात आपला ठेका धरून असावा आणि उजव्याने भलतीच लाडिक लग्गी चालवावी, तसे काहीसे. दोन माणसे वाजवीत आहेत असा भास ऐकणाऱ्याला होतो. वरून गाणे बोलल्यासारखे, कानाशी येऊन सांगितल्यासारखे. डेल्टाच्या सपाटीवरचे चार्ली पॅटन किंवा सन हाउस यांच्यासारखे गायक ऐकले की गळ्यातून काहीतरी ओरबाडून काढल्याचा प्रत्यय येतो. हर्टच्या गाण्यात ते मुळीच नाही.

आता ‘ब्लूज’ ह्या शब्दाविषयी. इंग्रजीत त्याचा अर्थ खिन्नता, उदासी. गाण्याचा प्रकार म्हणून त्याची साधी बांधणी अशी: पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे, सारे मिळून बारा मात्रागटांचे एक आवर्तन. सुरांत कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधेच कोठेतरी घुटमळणारा एक सूर असतो. युरोपीय पेटीच्या पट्टीत तो सापडत नाही. मूळ शेतात काम करणाऱ्यांच्या हाकांत आणि रस्त्या-रुळांवरच्या मजुरांच्या गाण्यांत. आपल्याकडे जात्यावरची ओवी जशी दळणाऱ्या बाईची असते आणि तरी कोणा एकीची नसते, तशीच ही गाणीही एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जात वाढली. १९२० साली मॅमी स्मिथ ह्या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी ओके नावाच्या कंपनीने काढली, ती धडाक्याने खपली, आणि काळे लोकही पैसे देऊन तबकड्या विकत घेतात हा साक्षात्कार अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांना झाला. ही ओके कंपनी ज्याने काढली तो ऑटो हाइनेमान पूर्वी जर्मन ओडियन कंपनीचा अमेरिकेतला माणूस होता. ओडियनच्या तबकड्या एके काळी आपल्या मुंबई-पुण्याच्या घरांतही वाजत असत.

परंतु हर्टला नुसता ब्लूज-गायक म्हणणे बरोबर नाही. त्याच्यापाशी ब्लूज होते तशी चर्चची भजने होती, नाचाच्या चाली होत्या, थट्टेची गाणी होती, आणि पोवाडेही होते. पोवाडे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. १८९५ साली सेंट लुइस शहरात ली शेल्टन नावाच्या माणसाने बिली लायन्स ह्याला एका टोपीच्या भांडणातून गोळी घातली. त्याच शहरात १८९९ साली फ्रँकी बेकर ह्या तरुणीच्या गोळीने तिचा प्रियकर मेला. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या लोकांनी ह्या दोन बातम्या गाणी करून सगळ्या दक्षिणेत पसरवल्या, आणि ‘स्टॅक ओ’ली’ व ‘फ्रँकी’ ह्या नावांनी हर्टने ती दोन्ही गायिली. ‘लुइस कॉलिन्स’ हे असेच एका खुनाचे गाणे. लोकांच्या बोलण्यात जे कानावर आले त्यावरून आपण ते रचले, असे तो सांगे. त्यात मारणाऱ्याचा राग नाही की सूडाची भाषा नाही. मेलेल्याची आई आहे, शोक करणारी माणसे आहेत, आणि सगळ्यांत गोड अशी चाल आहे. खुनाला इतकी मऊ चाल का लावावी, असे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते. दुसऱ्यांदा ऐकताना तो प्रश्न पडत नाही.

काही महिने त्याने रेल्वेच्या रुळांवर मजुरी केली. तेथे एका सोबत्याकडून तो ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ शिकला. जॉन हेन्री ह्या मजुराची कथा अमेरिकेत सर्वांना माहीत आहे: बोगदा खणणाऱ्या वाफेच्या यंत्राशी त्याने घण हातात घेऊन पैज लावली, ती जिंकली आणि तो जागीच मेला. शाळांतून ही कथा शौर्याची म्हणून शिकवतात. ह्या गाण्यातला मजूर मात्र तसले शौर्य पत्करीत नाही. तो आपले हत्यार मुकादमाकडे परत पाठवून देतो आणि काम सोडून रस्त्याला लागतो. पाठ्यपुस्तकातल्या कथेपेक्षा रुळांवर राबलेल्या माणसाला काय वाटत होते, ते ह्या गाण्यात अधिक खरे उतरले आहे, असे मला वाटते.

शनिवारी रात्री कोणाच्या तरी घरी नाच असे. हर्ट काळ्यांच्या घरी वाजवी आणि गोऱ्यांच्याही. विली नार्मर नावाचा एक गोरा फिडलवादक त्याच भागात होता. त्याच्या साथीला शेल स्मिथ गिटार वाजवी. १९२३ च्या सुमारास स्मिथ नसला की नार्मर हर्टला बोलावू लागला. मिसिसिपीत त्या काळी काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, दफनभूमीही वेगळी. फिडल आणि गिटार मात्र एकाच खोलीत, एकाच चालीत. ह्यावरून तेथे सलोखा नांदत होता असा अर्थ कोणी काढू नये. वाजवून झाल्यावर हर्ट ज्या घरी परत जाई ते घर, आणि ज्या रस्त्याने जाई तो रस्ता, दोन्ही त्याच राज्यातले होते. पण संगीत म्हणून पाहिले तर त्या काउंटीत काळे संगीत आणि गोरे संगीत अशी भिंत कानाला ऐकू येत नव्हती.

ती भिंत तबकडीवाल्यांनी बांधली. नार्मरने फिडलच्या एका चढाओढीत बक्षीस मिळवले, आणि त्यातून ओके कंपनीसाठी तबकडी करण्याची संधी त्याच्याकडे चालून आली. कंपनीचा टॉमी रॉकवेल त्या निमित्ताने ह्या भागात आला असता नार्मरने त्याला हर्टचे नाव सांगितले. रॉकवेलने हर्टला ऐकले आणि मेम्फिसला बोलावले. एका गोऱ्या वादकाच्या शब्दावर एका काळ्या गायकाचे दार उघडले, ही गोष्ट नार्मरच्या खाती जमा केलीच पाहिजे. पण तबकड्या निघाल्या तेव्हा नार्मर-स्मिथ जोडीच्या गेल्या ‘जुन्या चालींच्या’ म्हणजे गोऱ्यांच्या यादीत, आणि हर्टच्या गेल्या काळ्यांसाठी काढलेल्या यादीत. एकाच नाचाला वाजणारी माणसे दोन वेगवेगळ्या सूचिपत्रकांत जाऊन बसली. खप वाढावा म्हणून कंपनीने हर्टच्या नावामागे ‘मिसिसिपी’ हा शब्दही चिकटवला. गावात त्याला असे कोणी म्हणत नव्हते. आज जगभर त्याला ‘ब्लूज-गायक मिसिसिपी जॉन हर्ट’ म्हणतात. ह्या नावातले ‘जॉन हर्ट’ तेवढे घरचे, बाकीचे दुकानदाराचे.

१९२८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसला ध्वनिमुद्रण झाले. मोठे रिकामे दालन, आत तीनच माणसे: हर्ट, रॉकवेल आणि यंत्र चालवणारा. ध्वनिग्राहक तोंडाशी आणून ठेवला आणि बजावले की आता डोके हलवायचे नाही. मान नंतर कित्येक दिवस दुखत होती, अशी आठवण त्याने सांगितली आहे. आठ गाणी मुद्रित झाली. त्यांतली दोनच बाहेर आली. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने त्याला न्यूयॉर्कला बोलावले. गाण्यामागे वीस डॉलर आणि जाण्या-येण्याचा खर्च. खपावर पुढे काही मिळायचे नाही. शेतमजुराला ही रक्कम लहान वाटली नसणार, आणि कंपनीलाही ती मोठी वाटली नसणार.

न्यूयॉर्कच्या त्या मुक्कामात, नाताळच्या आधीच्या दिवसांत, त्याने ‘ॲव्हलॉन ब्लूज’ मुद्रित केले. गाण्याचा आशय साधा आहे: शहर चांगले आहे, पण आपले गाव ॲव्हलॉन, आणि मन तिकडेच ओढ घेते. परगावी गेलेल्या माणसाला सणाच्या तोंडावर जे वाटते ते. दोन्ही मुक्कामांतली गाणी मिळून बारा बाजू, म्हणजे सहा तबकड्या बाजारात आल्या. हर्टचे जन्माचे छापील भांडवल काय ते एवढेच.

पुढच्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला. १९२७ साली अमेरिकेत दहा कोटींच्या आसपास तबकड्या खपल्या होत्या. १९३२ साली हा आकडा साठ लाखांच्या घरात आला. काळ्या गायकांच्या तबकड्या सर्वांत आधी बंद झाल्या. हर्टला पुन्हा बोलावणे आले नाही. तो नांगराकडे परतला असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक त्याने नांगर सोडलाच नव्हता. दोन प्रवासांचे थोडे दिवस वगळले तर १९२८ चे वर्षही त्याने शेतातच काढले होते. पत्नी जेसीबरोबर त्याचा संसार चालू राहिला. कापूस, मका, गुरे राखणे, मंदीच्या काळात सरकारी कामे, आणि शनिवारी रात्री कोणी बोलावले तर गिटार. पस्तीस वर्षे एका वाक्यात सांगितली, ह्याचे मला वाईट वाटते. पण ती वर्षे कोणी लिहून ठेवली नाहीत.

मधल्या काळात त्या सहा तबकड्या मात्र स्वतःच्या पायांनी हिंडत राहिल्या. १९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या एका विक्षिप्त संग्राहकाने आपल्या जुन्या तबकड्यांतून निवडून चौऱ्याऐंशी गाण्यांचा एक मोठा संच फोकवेज कंपनीमार्फत प्रसिद्ध केला. त्यात हर्टची ‘फ्रँकी’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ ही दोन गाणी होती. ह्या संचातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. स्मिथने गायक काळा की गोरा हे कोठेच लिहिले नाही. सूचिपत्रकाने जी भिंत घातली होती, ती त्याने मुकाट्याने काढून टाकली. शहरांतली, बहुतेक गोरी, शिकलेली मुले हा संच ऐकू लागली, आणि ही बोटे कोणाची असा प्रश्न त्यांना पडू लागला. बहुतेकांची समजूत, हा गायक केव्हाच मेला असेल.

वॉशिंग्टन शहरात अशा संग्राहकांचे एक टोळके होते. त्यांच्या हाती ‘ॲव्हलॉन ब्लूज’ची नक्कल आली, मूळ तबकडी फार दुर्मिळ. गाण्यातले गाव त्यांनी नकाशावर शोधले. नव्या नकाशात ते सापडेना, जुन्यात सापडले. टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण गाडी घेऊन निघाला, आणि १९६३ च्या मार्च महिन्याच्या आरंभी ॲव्हलॉनच्या दुकानापाशी येऊन जॉन हर्टविषयी विचारू लागला. उत्तर मिळाले: ह्याच रस्त्याने पुढे जा, टेकडीवरची तिसरी टपालपेटी. बस्स. चौतीस वर्षांचे कोडे सोडवायला दुकानातल्या माणसाला एक वाक्य पुरले.

घरी जाऊन हॉस्किन्सने सांगितले की तुम्हाला शोधत आलो आहे. सत्तर वर्षांचा हर्ट घाबरला. हा पोलिसांचा किंवा सरकारच्या गुप्तचर खात्याचा माणूस असावा असे त्याला वाटले, आणि आपण कोणाचे काही वाकडे केलेले नाही, असे तो म्हणू लागला. हा प्रसंग अनेक ठिकाणी विनोद म्हणून सांगितलेला आहे आणि श्रोते हसतात. मला हसू येत नाही, आणि का ते सांगतो. ॲव्हलॉनहून थोड्या मैलांवर ग्रीनवुड. १९६२-६३ च्या हिवाळ्यात तेथे काळ्या लोकांची नावे मतदारयादीत घालण्याची चळवळ चालू होती, आणि तिला उत्तर म्हणून काउंटीने गरिबांना मिळणारे सरकारी धान्य बंद केले होते. हॉस्किन्स येण्याच्या थोडेच दिवस आधी, २८ फेब्रुवारीला, ग्रीनवुडबाहेरच्या रस्त्यावर चळवळीच्या कार्यकर्त्यांच्या मोटारीवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि जिमी ट्रॅव्हिस हा तरुण जबर जखमी झाला. आठ वर्षांपूर्वी, १९५५ साली, जवळच्याच मनी ह्या गावच्या परिसरातून एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या मुलाला रात्री घरातून उचलून नेऊन मारण्यात आले होते. त्यालाही न्यायला आलेली माणसे मोटारीतूनच आली होती. अशा मुलखात, अशा महिन्यात, एक अनोळखी गोरा माणूस दारात उभा राहून तुमचे नाव घेतो आणि ‘तुम्हालाच शोधत होतो’ म्हणतो. ह्यात विनोद कोठे आहे?

घरात गिटार नव्हती. हॉस्किन्सने आपली पुढे केली. पुष्कळ दिवस हात न लावलेली बोटे आधी अडखळली, मग आठवू लागली. त्या भेटीतच त्याने ध्वनिफितीवर मुद्रण केले. ते पुढे २०११ साली प्रसिद्ध झाले. मधेमधे घरातल्यांचे बोलणे त्यात ऐकू येते. आवाज १९२८ च्या मानाने जाड झालेला, ठेका तोच.

पुढचे सारे झपाट्याने झाले. हर्ट आणि जेसी वॉशिंग्टनला राहायला गेले. जुलैत काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी त्याची गाणी मुद्रित झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारो तरुणांसमोर खुर्चीवर बसून गायिला. त्याच्या दीड महिना आधी, १२ जूनला, मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथे मेडगर एव्हर्स ह्या चळवळीच्या नेत्याची त्याच्या घरासमोर हत्या झाली होती. मारेकरी ग्रीनवुडचा रहिवासी होता. त्याला शिक्षा व्हायला १९९४ साल उजाडले. न्यूपोर्टच्या श्रोत्यांना मिसिसिपी म्हणजे त्या उन्हाळ्यात रक्ताची बातमी होती. त्यांच्यापुढे मिसिसिपीचा हा म्हातारा डोक्यावर टोपी घालून, किंचित हसत, नाचाची आणि मिठाईवाल्याची गाणी म्हणत होता. श्रोते भारावले. परंतु काहींनी त्याला लगेच साधुपुरुष करून टाकले, आणि माणसाला साधू केले की त्याच्या हिशेबाची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

हिशेब होताच. त्याच्या गाण्याचे व्यवहार पाहण्यासाठी एक मंडळी उभी राहिली आणि तिच्याशी करार झाला. करारातल्या वाट्यांवरून पुढे कडवट भांडणे झाली, वाद कोर्टात गेले, आणि हर्टच्या मृत्यूनंतरही ते चालू राहिले. शोधणाऱ्यांचे संगीतावर खरे प्रेम होते, ह्याविषयी मला शंका नाही. ते नसते तर आज हर्टचा म्हातारपणचा आवाज आपल्याला मिळालाच नसता. त्या काळात त्याला पूर्वी कधी मिळाले नव्हते एवढे पैसेही मिळाले. तरी एक गोष्ट राहून राहून मनात येते. १९२८ साली कंपनीने गाण्यामागे वीस डॉलर देऊन संबंध संपवला. १९६३ साली रसिकांनी करार लिहून संबंध जोडला. दोन्ही वेळा कागद पलीकडच्याने लिहिलेला होता. हर्टच्या आयुष्यातल्या तिसऱ्या कागदाविषयी, म्हणजे मालकाच्या वहीविषयी, मी आधीच बोललो आहे.

हर्टनंतर शोधांची एक लाटच आली. बुका व्हाइट ह्या गायकानेही एका गाण्यात ॲबरडीन ह्या गावाचे नाव घातले होते. त्या गावच्या पत्त्यावर, ‘जुना ब्लूज-गायक’ एवढ्याच उल्लेखाने धाडलेले पत्र त्याला पोचले. स्किप जेम्स हा १९६४ साली इस्पितळातल्या खाटेवर सापडला, सन हाउस त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. हाउसला आपलीच जुनी गाणी पुन्हा शिकावी लागली. हर्टला ती वेळ आली नाही. ह्याचे कारण मला असे दिसते की त्याचे वाजवणे कधी रंगमंचासाठी नव्हतेच, त्यामुळे रंगमंच गेल्याने त्याचे फारसे काही गेले नव्हते.

तीन वर्षे तो गायिला. वॉशिंग्टनमधले ‘ऑन्टॅरियो प्लेस’ हे कॉफीगृह त्याचा नेहमीचा अड्डा; शिवाय महाविद्यालये, मोठी सभागृहे, दूरचित्रवाणी. गिल्ड कंपनीची चांगली गिटार आता हाती होती. व्हॅनगार्ड कंपनीने १९६६ साली त्याची ‘टुडे’ नावाची दीर्घ तबकडी काढली. तरुण वादक त्याच्या बोटांकडे टक लावून बसत आणि तो त्यांना सारे मोकळेपणाने दाखवी. आज अंगठ्याचा ठेका धरून गिटार शिकणाऱ्या कोणत्याही देशातल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या काही धड्यांत हर्टचे एखादे गाणे पडते. न्यूयॉर्कला १९२८ साली जे गाणे म्हटले होते ते मात्र त्याने शेवटी खरे करून दाखवले. शहर चांगले होते, पण तो मिसिसिपीला परतला आणि ग्रेनेडा येथे राहू लागला. तेथेच २ नोव्हेंबर १९६६ रोजी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. दफन ॲव्हलॉनजवळच्या टेकडीवर, झाडीतल्या लहानशा दफनभूमीत झाले.

हॉस्किन्सला दुकानदाराने जे घर दाखवले होते, ते पुढे त्याच्या नातीने सांभाळले आणि त्याचे संग्रहालय केले. दोन-तीन खोल्यांचे, पत्र्याच्या छपराचे ते घर पाहायला दूरदूरच्या देशांतून लोक येत. २०२४ च्या फेब्रुवारीत ते आगीत जळून गेले. थडगे टेकडीवर तसेच आहे. तेथे जाणारा कच्चा रस्ता चुकू नये म्हणून आजही वाटेत कोणाला तरी विचारावे लागते.